गुत्तं की बटई?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या कंधार भागात कंत्राटदाराला कंत्राटदार फारसे कुणी म्हणत नाही. गुत्तेदार म्हणतात. ‘गुत्तं’ हा शब्द तेलुगू-कन्नडच्या शेजारातून आपल्याकडे आलेला. काम ठरले, रक्कम ठरली, आता फायदा झाला तरी तुझा आणि तोटा झाला तरी तुझा, असा त्याचा सरळ अर्थ. शेताच्या व्यवहारात यालाच ठोक्याने देणे म्हणतात. पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मालकाच्या हातात पडली पाहिजे. पण त्याच शिवारात दुसरी रीतही आहे, ती बटईची. जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, बी-खताचा खर्च ठरल्याप्रमाणे दोघांचा आणि जे पिकेल त्याचे वाटे. पिकले तर दोघांच्या घरी जाते, बुडाले तर दोघांचे बुडते. बटईत भांडणे होत नाहीत असे मी म्हणणार नाही, पुष्कळ होतात. पण बटईदाराच्या शेतात कीड पडली, तर मालक बांधावर येऊन उभा राहतो. ठोक्याने दिलेल्या शेताकडे तो सुगीपर्यंत फिरकतही नाही.

पूल, धरणे, रस्ते अशी मोठी बांधकामे आपण जवळजवळ सगळी ठोक्याने देतो. ती बटईने देता येतील का, हा आजचा विषय आहे. जगात बऱ्याच ठिकाणी हा प्रयोग झाला आहे आणि त्याला भारदस्त नावेही आहेत. आपण त्याला जोखमीची वाटणी म्हणू.

माझी सगळी नोकरी बांधकामावर गेली. त्यातला एक पूल सांगतो. कंधारहून मुखेडच्या दिशेने जाताना जमिनीचा स्वभाव बदलत जातो. दख्खनचा काळा पाषाण हळूहळू मागे पडतो आणि ग्रॅनाइट डोके वर काढू लागतो. काळा पाषाण थरांनी बसलेला असतो, त्यामुळे त्याचा अंदाज थोडाफार तरी बांधता येतो. ग्रॅनाइट मात्र असा कुजतो, की एका जागी दोन हातांवर अखंड खडक लागतो आणि दहा पावलांवर तीन परस खाली गेले तरी भुसभुशीत मुरूमच हाती येतो. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाइतकी खोली. विहिरीवाले अजून त्याच मापाने बोलतात.

त्या नाल्यावर लहानसा पूल मंजूर झाला होता. अंदाजपत्रक करताना दोन्ही काठांवर एकेक खड्डा घेऊन पाहिला होता, मध्ये घेतला नव्हता. काठांवर खडक लागला, म्हणून मध्येही तो त्याच खोलीवर असेल असे नकाशात धरले गेले. निविदा निघाली आणि सर्वांत कमी दराच्या माणसाला काम मिळाले. मधल्या खांबाचा पाया खोदायला घेतला, तर खडकाचा पत्ता नाही. नकाशातली खोली ओलांडली, आणखी एक परस खाली गेलो, तरी मुरूमच. पाणी उपसायला रात्रंदिवस पंप चालू होता.

गुत्तेदार माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, खाली काय हाय ते तुम्हाला माहीत नव्हतं, मलाबी माहीत नव्हतं. मग त्याचे पैसे एकट्या माझ्याच खिशातून का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कागदावर मात्र होते. ‘जागेची पाहणी करून, सर्व परिस्थितीची खात्री करून घेऊन दर भरला आहे,’ अशा अर्थाच्या वाक्याखाली त्याची सही होती. आपल्या बी-१ निविदेत वाढीव कामाची सोय नाही असे नाही. निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त काम झाले, की वाढीव भागाचा दर नव्याने ठरवता येतो. निविदेत नसलेले काम निघाले तर ‘ज्यादा बाब’ म्हणून मंजुरी घेता येते. पण तो प्रस्ताव उपविभागातून विभागात, तिथून मंडळात आणि शंका काढून परत खाली असा फिरतो, आणि तोपर्यंत पंपाच्या डिझेलचे पैसे रोज द्यावे लागतात. आम्ही पत्रे लिहिली, त्यानेही लिहिली. त्याच्या पत्रांची भाषा महिन्यागणिक सुधारत गेली, तेव्हा मी ओळखले की आता वकील लिहून देतो आहे. काम थांबले. माझ्या तोंडूनही त्या काळात ‘तुझा तू बघ’ हे वाक्य किती वेळा गेले असेल, आठवत नाही.

दोन पावसाळे गेले. जुन्या फरशीवरून लोक ये-जा करत राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात दूध घेऊन निघालेला एक जण मोटारसायकलसह वाहून गेला. बाभळीला धरून वाचला, गाडी आणि कॅन गेले. तो कार्यालयात आला. त्याने फार आरडाओरड केली नाही. गाडीचे हप्ते अजून बाकी आहेत, ते कुणाकडे मागायचे, एवढेच त्याने विचारले. करारात दोनच पक्ष होते, शासन आणि गुत्तेदार. दूधवाल्याचे नाव त्यात कुठेच नव्हते, पण जोखीम शेवटी त्याच्या अंगावर आली होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जोखीम कागदावर ढकलून दिली म्हणजे ती नाहीशी होत नाही. दुबळ्या माणसावर ढकलली तर तो काम सोडून जातो. हुशार माणसावर ढकलली तर तो ती दरात आधीच धरून ठेवतो किंवा नंतर दाव्यातून वसूल करतो. पैसे द्यायचे ते द्यावेच लागतात, फक्त उशिरा आणि व्याजासकट.

मोठ्या कामांत हेच मोठ्या आकड्यांत दिसते. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ साली झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ६६० कोटींचा आणि मुदत पाच वर्षांची होती. तो खुला झाला ३० जून २००९ रोजी, आणि खर्च सुमारे १,६०० कोटींवर गेला. मधल्या काळात न्यायालयीन वाद झाले, आराखडे बदलले, दावे-प्रतिदावे झाले. यात एकट्या कुणाचा दोष होता असे नाही. समुद्रात पाया घालताना काय काय बदलू शकते याचा विचार करार करतानाच एकत्र बसून झाला असता, तर भांडणे काही कमी झाली असती, असे माझे मत आहे.

एकत्र बसण्याचे उदाहरण उत्तर समुद्रातले आहे. तिथल्या अँड्र्यू नावाच्या तेलक्षेत्राचे काम १९९०च्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियमने जवळजवळ बटईनेच दिले. कंपनी आणि सात कंत्राटदार यांनी मिळून खर्चाचा एक आकडा ठरवला, सुमारे ३७ कोटी पौंड. त्यापेक्षा कमी लागले तर बचत सगळ्यांत वाटायची, जास्त लागले तर तोटाही सगळ्यांनी सोसायचा. काम सुमारे २९ कोटींत झाले आणि १९९६ साली तेल ठरल्या वेळेच्या सहा महिने आधी निघाले. यात जादू नव्हती. एकाची चूक दुसऱ्याच्या खिशाला लागणार असल्याने जो तो दुसऱ्याच्या कामाकडे लक्ष देऊ लागला.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पाचव्या टर्मिनलची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे मालक कंपनीने जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली आणि सगळ्यांसाठी मिळून एकच विमा उतरवला. कंत्राटदारांचे हिशेब उघडे ठेवले आणि त्यांचा नफा वेगळा ठरवून दिला. मग अडचण लपवून ठेवण्यात कुणाचाच फायदा उरला नाही. छताचे अवाढव्य पोलादी सांगाडे त्यांनी आधी यॉर्कशायरमध्ये जोडून पाहिले, तिथे चुका सापडल्या आणि विमानतळावरचा वेळ वाचला. ठोक्याच्या कामात ही जोडणी कुणाच्या खर्चाने करायची, यावरच सहा महिने पत्रव्यवहार झाला असता. मार्च २००८मध्ये टर्मिनल उघडले त्या दिवशी प्रवाशांच्या सामानाचा जो गोंधळ उडाला तो जगभर गाजला. पण तो सामान हाताळण्याच्या व्यवस्थेचा आणि सरावाचा गोंधळ होता, इमारत वेळेवर उभी होती.

इंग्लंडमध्ये १९९३पासून वापरात आलेल्या एका करारनाम्यातले कलम मला फार आवडते. काम बिघडेल, लांबेल किंवा खर्च वाढेल अशी शंका दोघांपैकी कुणालाही आली, की त्याने लगेच दुसऱ्याला कळवायचे आणि दोघांनी बसून मार्ग काढायचा. कंत्राटदाराने कळवायला उशीर केला तर त्याचे पैसे कापले जाऊ शकतात. आपल्याकडे उलटे चालते. जो आधी अडचण सांगतो तो आधी अडकतो.

मग आपल्याकडे काहीच झाले नाही का? झाले आहे. २०१६ साली केंद्राने राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘हायब्रीड ॲन्युइटी’ पद्धत आणली. बांधकाम चालू असताना सरकार ४० टक्के रक्कम देते. उरलेली ६० टक्के कंत्राटदार उभी करतो आणि ती त्याला १५ वर्षांत हप्त्याने व्याजासह मिळते. तोवर रस्त्याची देखभाल त्याच्याकडे. टोलची आणि वाहनसंख्येची काळजी मात्र सरकारची. नांदेडवरून जाणाऱ्या तुळजापूर-नागपूर महामार्गाचे यवतमाळ-वर्धा आणि वर्धा-बुटीबोरी हे टप्पे याच पद्धतीने झाले. रस्ता स्वतःच सांभाळायचा असल्यामुळे बांधणारा डांबरात आणि दबाईत हात आखडता घेत नाही. ही चांगली वाटणी आहे. तरीही ती वाटणीच आहे, बटई नव्हे. हे तुझे, ते माझे अशी रेघ मारली, आणि रेघेवर काही घडले की भांडण पुन्हा सुरू.

पुढे न जाण्याचे कारण मला आतून माहीत आहे. सरकारी अधिकाऱ्याला सर्वांत जास्त भीती लेखापरीक्षणाच्या आक्षेपाची असते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली तर कुणी विचारत नाही, चांगल्या माणसाची स्वीकारली तर विचारतात. २०१२मध्ये राज्याच्या सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली, आरोप झाले, चौकश्या झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या. पण तेव्हापासून वाढीव कामाच्या खऱ्या प्रस्तावावर सही करतानाही हात थबकू लागला. उघड्या हिशेबाच्या नावाखाली दोघे मिळून सरकारला बुडवणार नाहीत कशावरून, हा प्रश्नही खोटा नाही. केंद्राच्या अर्थखात्याने ऑक्टोबर २०२१मध्ये काही कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. जून २०२४मध्ये मोठ्या रकमांचे वाद सरसकट लवादाकडे नेऊ नयेत, तडजोड आणि मध्यस्थी करावी, असे सांगितले. मात्र सहीची भीती परिपत्रकाने जात नाही. वाद लागताच निर्णय देणारी दोन-तीन जाणत्यांची समिती कामाच्या पहिल्या दिवसापासून नेमलेली असेल, तर ती भीती थोडी कमी होईल असे मला वाटते. निर्णय समितीचा, सही एकट्याची नाही.

आता शेजारच्या मुखेड तालुक्यातल्या लेंडी प्रकल्पाकडे पाहा. हे आंतरराज्य धरण आहे. पाण्याचा वाटा महाराष्ट्राला ६२ आणि तेलंगणाला ३८ टक्के असा आखीव ठरलेला. काम १९८०च्या दशकातले, आणि ते रेंगाळत राहिले ते मुख्यतः पुनर्वसनापायी. दोन राज्यांत पाण्याची वाटणी टक्क्यापर्यंत झाली, पण गाव उठायला उशीर झाला तर काय करायचे, ही जोखीम कुणाच्या वाट्याची हे तितके नेमके ठरले नाही. ऑगस्ट २०२५मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत अतोनात पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव या भागांत पाणी घुसले, माणसे दगावली, सैन्याला बोलवावे लागले. पावसाला करार बांधता येत नाही, हे खरे. पण बुडिताच्या कडेला राहणारी माणसे ही करारातला तिसरा पक्ष आहेत, आणि त्यांचे घर हलवण्याची तारीख धरणाच्या तारखेआधी लिहिली गेली पाहिजे. महामार्गाच्या कामात बहुतेक जमीन ताब्यात आल्याशिवाय कामाची तारीख मोजत नाहीत. तोच न्याय घरांना लावता येईल. मी दूधवाल्याचे सांगितले ते यासाठीच.

त्या पुलाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिसऱ्या वर्षी नवा गुत्तेदार आला. मध्ये खड्डे घेऊन पाहिले, पाया वेगळ्या पद्धतीने घातला आणि पूल झाला. पहिल्या माणसाचा दावा माझ्या निवृत्तीनंतरही चालू होता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने विहीर पाडायला घेतली. क्रेनवाला म्हणाला, उक्तं घेतो, पाण्यापर्यंत एकच रक्कम. पुतण्या खूश झाला. मी दोघांनाही ओसरीवर बसवले आणि साध्या कागदावर लिहून काढले. मुरमाचा दर परसाला एवढा. पाषाण लागला तर सुरुंगाचा खर्च निम्मा-निम्मा. कोणता मुरूम आणि कोणता पाषाण हे दोघांनी खाली उतरून एकत्र पाहायचे आणि त्याच दिवशी वहीत लिहायचे. ठरल्या खोलीच्या आत पाणी लागले तर वाचलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा क्रेनवाल्याचा. क्रेनवाल्याने कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “काका, ह्यात तुमचा काय फायदा?”

चौथ्या परसाला पाषाण लागला. भर उन्हात पुतण्या आणि क्रेनवाला दोघेही दोराने खाली उतरले, एकाच्या हातात टेप आणि दुसऱ्याच्या हातात वही.