पावसातला बिनतारी आवाज
(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



बडोद्यात भाद्रपदात पाऊस यायचाच. गेल्या वर्षी अथर्वशीर्षाच्या वेळी मी मिक्सर टॅबवरून चालवत होतो. ओल्या काचेवर बोट चालेना. भिजलेली माणसे मंडपात दाटली आणि वाय-फाय तुटले. सरींपेक्षा माणसांच्या अंगातले पाणीच या लहरी जास्त शोषते! माईक शिट्टी मारू लागला. मी धावत मंचामागे गेलो.

यंदा राउटर डोक्यांच्या वर खांबाला बांधू, मिक्सरला तारेने जोडलेला लॅपटॉपही ठेवू. माईक बिनतारी असला तरी स्पीकरला वीज लागतेच. म्हणून ईएलसीबी तपासल्याशिवाय, जोडण्या जमिनीपासून उचलल्याशिवाय आवाज सुरू करायचा नाही. आरती टाळ्यांवरही होते; गेलेला कार्यकर्ता परत येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!