चतुर पंडितांची दहा घरं

विष्णु नारायण भातखंडे पेशानं वकील, मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले. पण त्यांचं खरं अशील म्हणजे हिंदुस्थानी राग! उस्ताद एक गातात, जुने संस्कृत ग्रंथ दुसरंच सांगतात. मग खरं काय मानायचं? भातखंड्यांचं उत्तर वकिली थाटाचं होतं: आज मैफलीत जे गायलं जातं, तोच पुरावा.

1904 साली ते दक्षिणेत गेले. तिथले जुने शास्त्रकार व्यंकटमखी यांच्या 72 मेळांवरून, म्हणजे सात स्वरांच्या साच्यांवरून, त्यांना वर्गीकरणाची दिशा सापडली. आपल्याकडच्या रागांसाठी मात्र त्यांनी दहाच थाट, म्हणजे स्वरांनुसार राग बसवायची घरं, ठरवले. मग त्यांचं ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हे पुस्तक आलं, तेही ‘चतुर पंडित’ या टोपणनावानं.

त्यांची स्वरलिपी तर शाळकरी पोरालाही वाचता येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. शिवाय त्यांनी लक्षणगीतं रचली. रागाचे वादी-संवादी म्हणजे मुख्य आणि दुय्यम स्वर, वर्ज्य स्वर, गायची वेळ हे सगळं त्याच रागात बांधलेल्या गाण्याच्या शब्दांत! नियम पाठ करायचा नाही, गायचा. मला त्यांची ही युक्ती थाटांपेक्षाही मोलाची वाटते.

कारण थाटांत फटी आहेतच. पटदीप राग घ्या: गंधार कोमल, निषाद शुद्ध. दहांपैकी एकाही थाटाचे स्वर त्याला जुळत नाहीत, तरी त्याला काफीत बसवतात. घराणेदार गवय्यांनी यावरून पुष्कळ नाकं मुरडली. पण आजही संगीताच्या परीक्षेत थाट विचारले जातात.