गृहीतागमा

बी. ए. हीं दोन अक्षरें नांवापुढें लागलीं कीं माणसाचें शिक्षण पुरें झालें, अशी समजूत सुशिक्षित घरांतून चांगली मुरलेली आहे. त्या अक्षरांच्या पोटांत कोणकोणते विषय घातलेले असतात, ते कोणी घातले आणि घालतांना किती वाद झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. महाराष्ट्रांत एकदां कांहीं मंडळींना ही चौकशी अगदीं मुळापासून करावी लागली. साल १९१६, स्थळ पुणें, आणि प्रश्न असा कीं, मुलींना पदवी द्यावयाची तर ती कशाची द्यावयाची?

हा प्रश्न काढणारे गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८९१ सालापासून ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं पुनर्विवाह केला, १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ सालीं महिला विद्यालय सुरू केलें. पुढें १९१५ सालीं जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका त्यांच्या हातीं आली. तें विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनीं १९०१ सालीं टोकियो येथें स्थापिलें होतें. पुस्तिका प्रथम बाजूस पडली. पण त्याच वर्षअखेर मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद कर्व्यांकडे आलें, भाषणासाठीं विषय हवा होता, आणि ती पुस्तिका पुन्हां उघडली गेली. डिसेंबरमधील त्या भाषणांत त्यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि पुढच्या जूनमध्यें तें विद्यापीठ स्थापनही झालें. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरु झाले. नवी संस्था इतक्या लवकर उभी राहण्याची उदाहरणें आपल्याकडे फार नाहींत. कमिटी नेमण्यांतच आपलीं वर्षें जातात.

मुंबई विद्यापीठाचें दार मुलींना बंद होतें म्हणून हें दुसरें दार पाडलें, असें मात्र नव्हे. तें दार १८८३ सालींच उघडलेलें होतें, आणि पुण्याच्याच डेक्कन कॉलेजांतून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर होऊन बाहेर पडल्या होत्या. परंतु दार उघडें असणें निराळें आणि उंबरठा ओलांडतां येणें निराळें. मुलीचें लग्न लौकर व्हावयाचें, शाळेंत ती उशिरां जावयाची, आणि मधल्या चार-दोन वर्षांचा मोठा भाग इंग्रजी भाषेशीं झटापट करण्यांत जावयाचा. इतिहास समजला कीं नाहीं याची परीक्षा होण्यापूर्वीं, तो परक्या भाषेंत सांगतां येतो कीं नाहीं याची परीक्षा होई. कर्व्यांचें म्हणणें असें कीं, वर्षें थोडीं असतील तर तीं विषय शिकण्यांत खर्च व्हावीं. म्हणून सर्व शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, इंग्रजी ही एक भाषा म्हणून सर्वांनीं शिकावी, आणि गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र, मानसशास्त्र यांसारखे विषय अभ्यासक्रमांत आणावे. गणित व संस्कृत सर्वांवर सक्तीचीं ठेवलीं नाहींत. जन्मभर गणित शिकविलेल्या माणसानेंच गणितावरची सक्ती काढावी, ही गोष्ट त्या सबंध योजनेबद्दल बरेंच कांहीं सांगून जाते.

वाद सुरू झाला तो येथूनच. गोपाळ गणेश आगरकर १८९५ सालींच वारले होते, पण स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावें आणि तेंही एकत्र द्यावें, हें त्यांचें मत सुधारकांच्या मनांत घर करून होतें. ज्यांच्या बाजूनें कर्वे इतकीं वर्षें झगडले त्या सुधारकांनाच ही योजना मागें नेणारी वाटावी, यांत नवल नाहीं. उत्तम गृहिणी आणि उत्तम माता तयार करावयाची, असें एकदां अभ्यासक्रमाचें ध्येय म्हणून लिहिलें कीं, त्या चौकटीबाहेरच्या बुद्धिमान मुलीनें काय करावें? तिला ज्योतिष शिकावेंसें वाटलें, कायदा शिकावासा वाटला तर? शिवाय वेगळी पदवी म्हणजे हलकी पदवी, असा अर्थ लोक लावणारच. हा आक्षेप पोकळ नव्हता. त्याचें समाधानकारक उत्तर कर्व्यांपाशींही नव्हतें. त्यांचें उत्तर व्यवहाराचें होतें. ज्या थोड्या मुलींना मुंबईची वाट झेपते त्यांनीं खुशाल तिकडे जावें. ज्या शेंकडों मुलींना ती झेपत नाहीं त्यांच्यासाठीं हें विद्यापीठ आहे. आगरकरांचा न्याय तत्त्वाचा होता, कर्व्यांचा घरोघरीं फिरून वर्गणी मागतांना पाहिलेल्या संसारांचा होता.

दुसरा वाद बरोबर उलट दिशेनें आला. आफ्रिकेंतून परतलेल्या गांधींना मातृभाषेचा भाग मनापासून पसंत होता, पण सक्तीचें इंग्रजी पसंत नव्हतें. ज्या मुलीला हवें तिनें शिकावें, असें त्यांचें मत. कर्व्यांनीं तें मानलें नाहीं. इंग्रजी गाळलें तर या मुलींना बाहेरच्या जगाचें ज्ञान मिळविण्याचा रस्ता राहणार नाहीं, आणि आधींच संशयानें पाहिल्या जाणाऱ्या पदवीची पत उरणार नाहीं, हें ते जाणून होते. गांधींनीं स्वतःचें मत न सोडतां योजनेला पाठिंबा दिला. एका बाजूनें इंग्रजी कमी केलें म्हणून तक्रार, दुसऱ्या बाजूनें इंग्रजी ठेवलें म्हणून तक्रार; दोहोंच्या मध्यें जो अभ्यासक्रम तरला तो असा.

मातृभाषेचा निर्णय कागदावर सोपा आणि वर्गांत फार अवघड होता. त्याच १९१६ सालीं काशीस हिंदु विश्वविद्यालय निघालें, त्याच्याजवळ राजेमहाराजांच्या देणग्या होत्या, पण शिकविण्याची भाषा इंग्रजीच राहिली. उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ निघालें तें १९१८ सालीं, आणि त्याच्या पाठीशीं निजामाचा खजिना होता. पुण्याच्या मंडळींपाशीं लहान लहान वार्षिक वर्गण्या होत्या. मराठींत मानसशास्त्र शिकवावयाचें तर पुस्तक कुठलें आणि परिभाषा कुठली? शिक्षकानें इंग्रजी ग्रंथ वाचावा, रात्रीं शब्द बसवावे आणि सकाळीं ते मुलींपुढें बोलून पाहावे. अशा रीतीनें घडलेला शब्द कधीं ओबडधोबड निघतो, परंतु समजल्यावांचून तो घडवितांच येत नाहीं. इंग्रजींत शिकविणाऱ्याला ही सक्ती नसते.

राहिला नांवाचा प्रश्न. सरकारी सनद नाहीं, तेव्हां बी. ए. म्हणण्यांत अर्थ नव्हता. मंडळींनीं संस्कृतांतून शब्द घेतला, ‘गृहीतागमा’. जिनें विद्या ग्रहण केली ती. आद्याक्षरें इंग्रजी वळणाचीं, जी. ए. नांव सुरेख होतें, अर्थही चोख होता. पण लग्नाच्या बाजारांत, नोकरीच्या अर्जांत आणि शेजारणीच्या प्रश्नांत ‘जी. ए. म्हणजे काय हो?’ याचें उत्तर त्या मुलीलाच द्यावें लागे. नव्या अभ्यासक्रमाचे प्रयोग सभागृहांत ठरतात, त्यांची किंमत मात्र पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांनीं भरावयाची असते. ५ जुलै १९१६ रोजीं महिला पाठशाळा उघडली तेव्हां ती किंमत भरण्यास पुढें आलेल्या मुली होत्या पांच.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी जगाच्या प्रवासांत टोकियोचें तें विद्यापीठ पाहून आले आणि १९२० सालीं त्यांनीं पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांच्या दरानें तिचें वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये. संस्थेला त्यांच्या मातोश्रींचें, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. १९३६ सालीं मुख्य कचेरी पुण्याहून मुंबईस गेली. सरकारी मान्यतेसाठीं मात्र पस्तीस वर्षें थांबावें लागलें. १९५१ सालीं कायद्यानें तें विद्यापीठ इतरांच्या पंक्तीस बसलें. त्या वेळीं कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते, आणि अजून अकरा वर्षें ते जगावयाचे होते.

पंक्तीस बसतांना एक गोष्ट गळून पडली. गृहीतागमा हें नांव मागें पडलें, आणि या विद्यापीठाच्या मुलींच्या नांवापुढेंही बी. ए. हींच अक्षरें लागूं लागलीं. ज्यांना त्या नांवाचा अर्थ वारंवार समजावून सांगावा लागला होता, त्या जुन्या पदवीधर स्त्रियांपैकीं कित्येकींनीं तोंवर शाळा चालविल्या होत्या, आणि त्या शाळांतून मराठींत आरोग्यशास्त्र शिकलेल्या मुली स्वतः आया झाल्या होत्या.