पापनाशमची 'पाप टेस्ट'

(गणेशोत्सवात हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)

मंडळाचे अध्यक्ष, सर्व कार्यकर्ते, माझ्या बहिणींनो, जावांनो आणि मागच्या खुर्च्यांवर प्रसादाची वाट पाहत बसलेल्या बंधूंनो,

गणपती बाप्पा मोरया!

मला भाषणाची सवय नाही. दरवर्षी मी या मंडपात मोदकांचे ताट घेऊन येते आणि रिकामे ताट घेऊन जाते. यंदा सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला." मी म्हटले, बोलते, पण विषय माझा मी ठरवणार. विषय ऐकल्यावर ते दोनदा खोकले आणि म्हणाले, "जरा सांभाळून." तर सांभाळूनच सांगते.

गेल्या वर्षी मी बी.पी. आणि शुगर तपासायला सरकारी दवाखान्यात गेले होते. सोबत धाकटी मुलगी होती. ती नर्सिंगला आहे आणि तिची तमिळ माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. सिस्टरने माझे वय विचारले. चव्वेचाळीस. म्हणाली, तीस वर्षांपुढच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करतो, तुमचीही करून घ्या. मी म्हटले, मला काही त्रास नाही. त्यावर मुलगी म्हणाली, "आई, त्रास नसतानाच करायची असते ती!"

घरी येऊन विषय काढला. मुलगी म्हणाली, या तपासणीचाच एक प्रकार म्हणजे पॅप टेस्ट. आमच्या सासूबाईंना कमी ऐकू येते. त्या म्हणाल्या, "पाप? कसलं पाप केलंस गं तू?" आमचे हे लगेच म्हणाले, "आत्ता काळजी नाही. आपण राहतोच पापनाशमला!" रामलिंगस्वामींच्या देवळात १०८ शिवलिंगे आहेत. खर-दूषणाच्या वधाचा दोष जावा म्हणून रामाने इथे पूजा केली, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ह्यांचे म्हणणे, एवढ्या लिंगांत तुझे एक पाप सहज मावेल.

पॅप हे एका डॉक्टरांच्या नावाचे लहान रूप आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ हे मूळचे ग्रीसचे, पुढे अमेरिकेत गेले, आणि त्यांनी ही तपासणी १९४०च्या दशकात जगापुढे आणली. पुण्य त्यांच्या पदरी, नाव मात्र पापाचे!

पण खरे सांगते, सासूबाईंच्या तोंडून तो शब्द नुसता कमी ऐकू आल्यामुळे आला नव्हता. या रोगाचे नाव निघाले की बाईच्या वागण्याकडे बोट जाते. वास्तविक तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संसारी बायकांपैकी बहुतेकींना कधी ना कधी तो लागतो आणि आपोआप जातोही. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो, तिथे धोका. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. यात पाप-पुण्याचा काही संबंध नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. माझी तपासणी होती ती पॅपची नव्हे, व्हिनेगरची. तीन ते पाच टक्क्यांचे पातळ अॅसेटिक अॅसिड कापसाने लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि उजेडात नीट बघायचे. जागा पांढरी पडली तर पुढची तपासणी. सिस्टर म्हणाली, "ओण्णुम इल्लै अम्मा," आणि मला हसू फुटले. आपण गलाईवाले. आयुष्यभर कसोटीवर कस ओढून वर तेजाब लावून सोने पाहतो. आज तेजाबही आले आणि कसोटीवर मी!

कस काही उतरला नाही. जागा पांढरी पडली.

बाहेर बाकावर हे माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आजूबाजूला सगळ्या बायका. त्यांचा चेहरा पाहून माझेच रडू थांबले. मुलीने समजावले की पांढरे म्हणजे कॅन्सर नव्हे, दुर्बिणीतून बघून छोटा तुकडा काढतील. हे म्हणाले, "म्हणजे टंच काढणार म्हण की. अख्खा दागिना वितळवायचा नाही, एवढंच कळलं मला."

रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. रोज सकाळी. साखरेचा अंदाज दहाव्या दिवशी आला.

आठव्या रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझी थोरली नणंद गावी सेहेचाळिसाव्या वर्षी गेली, याच रोगाने. वर्षभर अंगावर जात होते तिच्या. आत्या म्हणाल्या, "मला सांगितलं होतं तिनं. मी म्हणाले, बाईच्या जातीला असतंच, बोलू नको कुणाजवळ. मीच गप्प केली तिला." पंधरा वर्षे ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तू मात्र बोल. सगळ्यांना सांग." आज मी इथे उभी आहे ती त्यांच्या सांगण्यावरून. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच हे बोलते आहे.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या आधीची पायरी होती, जी तशीच राहिली असती तर काही वर्षांनी कदाचित कॅन्सर झाली असती. त्यावर थंडीचा उपचार केला. तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे थांबायचे, पुन्हा तीन मिनिटे. पोटात पाळीसारखी कळ आली, संध्याकाळी मी घरी. ह्यांच्या भट्टीत आगीने सोने शुद्ध होते, माझे काम बर्फाने झाले. वर्षाने पुन्हा तपासले, सर्व ठीक आहे.

आता मुलीने शोधून दिलेली माहिती सांगते. तमिळनाडू सरकारने २००७ साली ही तपासणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली ती दोनच जिल्ह्यांत, थेनी आणि आपला तंजावर. त्याआधी दिंडिगल जिल्ह्यातल्या खेड्यांत मोठा अभ्यास झाला. व्हिनेगरच्या एकाच तपासणीने आणि लगेच केलेल्या उपचाराने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले.

आणि आपल्या महाराष्ट्रात? उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. तिथे १९९९पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. एका गटात एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली. तिथे आठ वर्षांत ३४ जणी या रोगाने गेल्या. जवळपास तेवढ्याच बायकांच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. हे निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीची तपासणीच पहिल्या पसंतीची मानते आणि पस्तिशीत व पंचेचाळिशीत ती व्हावी असे सांगते. मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी लस बनवली आहे. नऊ ते चौदा हे तिचे उत्तम वय.

जगाला हे शिकवले ते आपल्या दुष्काळी भागातल्या, पायात चप्पल नसलेल्या बायकांनी. आणि आपण? २०१९ ते २१च्या सरकारी पाहणीत, देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

म्हणून बहिणींनो, तीस ओलांडली असेल तर पाळीचे दिवस सोडून एक सकाळ काढा. मधेच रक्त जात असेल, पाळी थांबल्यावर पुन्हा दिसत असेल, तर शिबिराची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा. आणि बंधूंनो, तुमचे काम फार अवघड नाही. बाहेरच्या बाकावर पर्स धरून बसायचे. लाज वाटली तर आमच्या ह्यांना फोन करा, ते अनुभवी आहेत.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा दवाखान्यात जाणार आहे, शेजारच्या दोघी जावांना घेऊन. रिक्षात आणखी एक जागा आहे. जिला यायचे असेल तिने हळदीकुंकू घेताना हळूच माझ्या कानात सांगावे. आत्यांच्या कानात सांगू नये, त्यांना कमी ऐकू येते आणि मग साऱ्या मंडपाला कळेल!

बाप्पा सर्वांना निरोगी ठेवो. मंगलमूर्ती मोरया!