माळ्यावरची अडगळ

दिवाळीची झाडलोट सुरू झाली कीं, शहरांतील घरोघरच्या माळ्यांवरून नव्या तऱ्हेची अडगळ खालीं उतरते. बंद पडलेला टेलिव्हिजन, मुका झालेला रेडिओ, फुगलेल्या बॅटरीचा मोबाईल आणि तारांचीं भेंडोळीं! भंगारवाला दारांत उभाच असतो. चार पैसे हातीं येतात, जागा मोकळी होते आणि प्रश्न सुटला असें गृहस्थाला वाटतें. वस्तुतः तो दुसऱ्याच्या अंगणांत गेलेला असतो.

या यंत्रांच्या पोटांत विष आणि धन शेजारीं शेजारीं नांदतात. जुन्या टेलिव्हिजनच्या जाड कांचेंत शिसें असतें, ट्यूबलाईटमध्यें पारा असतो. आणि आंतील हिरव्या पट्ट्यांवर तांबें, चांदी व किंचित् सोनेंही असतें. त्या धातूंसाठीं मुरादाबादेस कित्येक गरीब कुटुंबें या पट्ट्या उघड्यावर जाळीत आलीं. त्यांतून उरलेली काळी राख रामगंगेच्या कांठीं पडूं लागली, तेव्हां २०१७ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास तींत लक्ष घालावें लागलें. तो धूर प्रथम जाळणाऱ्याच्याच मुलांच्या छातींत जातो. पोटाची आग त्यांच्याजवळ आहे, साधनें मात्र नाहींत.

याहून चांगला मार्ग जपाननें दाखविला. २०१७ ते २०१९ या काळांत तेथील नागरिकांनीं टाकाऊ मोबाईल व लहान उपकरणें केंद्रांवर नेऊन दिलीं. त्यांतून सुमारें ३२ किलो सोनें निघालें. त्याच्या व इतर धातूंच्या आधारें टोकियो ऑलिंपिकचीं जवळजवळ ५,००० पदकें घडलीं.

भारतांतही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनीं, असा माल नोंदणीकृत कारखान्यांकडून पुनरुपयोगांत आणविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु कायदा माळ्यापर्यंत चढत नाहीं. तेथें घरच्या माणसांचाच हात पोंचतो.

तेव्हां प्रत्येक घरानें एवढें करावें. चालू वस्तु गरजूस द्यावी. बिघडलेली दुरुस्त होते कीं काय, तें आधीं पाहावें. मोबाईल देतांना त्यांतील खाजगी मजकूर पुसावा. फुगलेली बॅटरी टोचूं नये, केरांत टाकूं नये. ट्यूबलाईट फोडूं नये. उरलेलें सारें नोंदणीकृत संकलन केंद्रास द्यावें व पावती मागावी. भंगारवाल्याचे चार पैसे बुडतील खरे. पण कुठल्याशा वस्तींतील एखाद्या मुलाचा श्वास त्यांपेक्षां महाग आहे.