उजवा रेणू, डावा रेणू

ल कॉर्ब्यूझिए यांनी कल्पिलेले चंडीगढचे ‘खुला हात’ हे शिल्प १९८५ साली उभे राहिले. ते वाऱ्याबरोबर फिरते. मागून पाहिले असता त्याची बाह्यरेषा आरशातल्याप्रमाणे उलटलेली दिसते; हात मात्र तोच असतो.

‘कायरल’ हा शब्दही हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. एका कार्बन अणूला चार भिन्न गट जोडलेले असले, की रेणूची डावी व उजवी अशी दोन रूपे संभवतात. ती कागदावर दाखविण्याची रीत एमिल फिशर यांनी १८९१ साली घालून दिली. आडव्या रेषा वाचकाकडे आलेल्या, उभ्या रेषा कागदामागे गेलेल्या समजावयाच्या. लॅक्टिक आम्लाच्या आकृतीत बाजूंच्या हायड्रोजन व हायड्रॉक्सिल यांची अदलाबदल केली, की आरशातील रूप मिळते. आकृती कागदावरच अर्धा फेरा फिरविण्यास हरकत नाही. परंतु उचलून पालथी घातली, तर त्याच संकेतानुसार ती विरुद्ध रूपाची ठरते.

हा भेद केवळ कागदावरचा नव्हे. इथॅम्ब्युटॉल या औषधाचे एकच रूप क्षयजंतूंवर प्रभावी आहे. त्याच्या प्रतिबिंबाचा उपयोग जवळजवळ नाही. दृष्टीच्या मज्जातंतूला अपाय मात्र तेही करते. म्हणून रुग्णाला पहिलेच रूप दिले जाते.