नोकरीचें गांव आणि दोघांचा निर्णय



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या निमित्तानें कुटुंबधर्मावर कांहीं बोलावें, असें चालक मंडळींनीं आम्हांस सुचविलें. विषय सागराएवढा आहे. म्हणून त्यांतील एकच प्रश्न आम्हीं निवडला आहे. परगांवीं नोकरी मिळत असतां पतिपत्नींनीं जावें कीं राहावें, हें त्यांनीं ठरवावें कसें? अलीकडे जीं जोडपीं आमच्याकडे सल्ला विचारण्यास येतात, त्यांत याच प्रश्नानें गांजलेलीं पुष्कळ असतात.

हा प्रश्न आपल्या लोकांस नवा नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील माळांवर कारखाने उभे राहिले. तेव्हां श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागांतून आपलीं कितीतरी कुटुंबें वळकट्या बांधून इकडे आलीं. बहुधा पुरुष आधीं आला, चौघांबरोबर एका खोलींत राहिला, आणि घरची मंडळी मागाहून आली. पत्नीस कोणीं विचारलें होतें? फारसें कोणीं नाहीं. ती आली, संसार उभा केला, आणि या मंदिराच्या बांधकामास आपल्या पदरचे पैसेही दिले. तिचे उपकार मोठे आहेत. परंतु तिला न विचारण्याची ती रीत आपण वारसा म्हणून जपावी, असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवाय आतां काळ पालटला आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतील गाड्यांचें उत्पादन २००७ सालीं थांबलें. तळेगांवास जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं उघडला आणि २०२० च्या डिसेंबरांत त्यांतील उत्पादन बंद झालें. म्हणजे नोकरीमागें गांव बदललें, तरी ती नोकरी मुलाची शाळा संपेपर्यंत टिकेलच, असें सांगतां येत नाहीं. दुसरें असें कीं, पत्नीही आतां कमावती आहे. कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी चाकणला सुटे भाग तपासण्याच्या कामावर. एकाची बढती म्हणजे दुसऱ्याचा राजीनामा, असा हा हिशेब होतो.

ख्रिस्तसभेच्या कायद्यांतील एक फरक येथें सांगण्याजोगा आहे. १९१७ च्या धर्मसंहितेंत पतीचा जो निवास तोच पत्नीचा, असें ठरविलें होतें. १९८३ च्या संहितेंत पतिपत्नींचा निवास समाईक असावा असें म्हटलें असून, न्याय्य कारण असल्यास प्रत्येकास वेगळा निवास ठेवण्याची मोकळीक दिली आहे. समाईक हा शब्द शेतकऱ्याच्या लेकरांस समजावून सांगावयास नको. समाईक विहिरीचें पाणी एका भावाला आपल्या मर्जीनें वळवितां येत नाहीं.

पवित्र शास्त्रांत तर या विषयाचें एक जोडपेंच आहे. आक्विला व प्रिस्किला हीं दोघें तंबू शिवणारीं. क्लौद्य बादशहानें यहुद्यांस रोमेंतून घालविलें, म्हणून तीं करिंथास आलीं. तेथें संत पौल त्यांच्या घरीं राहून त्यांच्याबरोबर तोच धंदा करूं लागला. पुढें तीं इफिसास गेलीं, आणि नंतर पुन्हा रोमेंत आढळतात. नव्या करारांत त्यांचा उल्लेख सहा वेळां येतो, आणि एकदांही एकट्याचें नांव येत नाहीं. बहुतेक वेळां पत्नीचें नांव आधीं आहे. गांवें बदललीं, पण धंदा दोघांचा राहिला, आणि जेथें गेलीं तेथें त्यांचें घर भाविकांना मोकळें राहिलें.

आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगतों. पतीस चेन्नईकडे जागा मिळत होती. तो आंत येतांच म्हणाला, “फादर, हिला तुम्हीच समजावून सांगा.” म्हणजे त्याचा होकार आधींच कळवून झाला होता! आम्हीं दोघांस वेगवेगळा कागद दिला आणि आपापली धास्ती लिहावयास सांगितली. त्यानें लिहिलें कीं, पन्नाशीनंतर मला कोणी विचारणार नाहीं. तिनें आपल्या रुग्णालयांतील कायम नोकरीबद्दल एक अक्षर लिहिलें नव्हतें, “आईंना सकाळचें इन्सुलिन कोण देईल?” एवढेंच लिहिलें होतें. आई म्हणजे तिची सासू. तो कागद वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग पैशाचा हिशेब मांडला. त्याच्या पगाराची वाढ अठरा हजार, तिची जाणारी नोकरी सव्वीस हजारांची. तोपर्यंत ही बेरीज दोघांनीं एकत्र बसून केलीच नव्हती.

तो एकटाच गेला. मात्र मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंतच, असें ठरवून. ती तारीख पत्नीनें दिनदर्शिकेवर लिहून ठेवली. संत पौलानेंही पतिपत्नींच्या वेगळें राहण्यास दोघांची संमति आणि ठराविक मुदत अशा दोन अटी घातल्या आहेत. “मी पुढें जातों, मग बघूं,” या शब्दांत दोन्ही अटी बुडतात, आणि अशा ‘मग बघूं’चीं दहा-दहा वर्षें झालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. ठरल्या तारखेस तो परत आला. आज चाकणला थोड्या कमी पगारावर आहे. नातेवाईक त्याला वेडा म्हणतात. आम्ही म्हणत नाहीं. सासूबाई गेल्या तेव्हां तो उशाशीं होता.

याचा अर्थ जाऊंच नये असा नव्हे. कित्येकांचें जाणें योग्यच असतें, आणि पत्नीच्या नोकरीसाठीं पतीनें गांव सोडण्यांतही कमीपणा नाहीं. नुकतें लग्न झालेल्यांस मात्र एवढें सांगूं कीं, मोशेच्या नियमशास्त्रांत नवविवाहित पुरुषास वर्षभर लढाईवर न पाठवितां घरीं राहूं द्यावें, असें आहे. कारखान्याची पाळी लढाईहून निकडीची नसावी!

ज्यांचें जाणें ठरेल, त्यांनीं निघण्यापूर्वीं दोघांनीं मिळून आमच्याकडे यावें. मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले तयार ठेवूं, आणि तेथील धर्मगुरूंच्या नांवें चिठ्ठीही देऊं.